जागतिक नागरिकत्वाचे प्रमाणपत्र कुठे मिळते?

गेल्या काही महिन्यांपासून सोलापूर-पुण्याकडून मला जे निरोप येतात, त्यांत विद्यापीठ, व्हिसा आणि खोलीचे भाडे या नेहमीच्या प्रश्नांच्या जोडीला आणखी एक प्रश्न हमखास असतो: ‘ताई, तिकडे व्हॉलंटियरिंग केलं तर सर्टिफिकेट मिळतं का?’ विचारणाऱ्या मुलामुलींना मी दोष देत नाही. परदेशी प्रवेशासाठी जे उद्देशपत्र लिहावे लागते त्यात समाजकार्याचा एक परिच्छेद हवाच, असे सल्लागार मंडळी त्यांना बजावून सांगतात, आणि त्या परिच्छेदाच्या शेवटी ‘मला जागतिक नागरिक व्हायचे आहे’ हे वाक्य जवळजवळ छापील असते. माझ्याही अर्जात ते होते. वाचणाऱ्याला हसू आले असेल तर त्याने ते मला कळवले नाही.

प्रमाणपत्र मिळते. मागितले तर एका पानाचे, सही-शिक्क्यासह मिळते. पण बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत शिकता शिकता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका चर्चच्या सभागृहात अन्नवाटपाच्या टेबलामागे उभी राहू लागले, तेव्हापासून त्या छापील वाक्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहते. परदेशात शिकल्याने जग पाहायला मिळते, हे खरेच आहे. मात्र जग आपल्याकडून काही मागू लागते ते तिथल्या एखाद्या गल्लीत, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आपली वाट पाहणारे कोणी असेल तेव्हा. तोवर आपण सेमिस्टरचे शुल्क भरलेले पाहुणे असतो, आणि पाहुणा कितीही देश फिरला तरी कोणत्याच घरात त्याला कोणी भांडी विसळायला सांगत नाही.

आधी हे काम काय आहे ते सांगते. जर्मनीत ‘टाफेल’ नावाच्या अन्नपेढ्या आहेत. त्यांतली पहिली १९९३ मध्ये बर्लिनमध्ये काही महिलांनी सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये उरलेले अन्न गोळा करून गरजूंना पोहोचवणारी एक संस्था होती, तिची कल्पना त्यांनी उचलली. आज देशभर अशा साडेनऊशेहून अधिक पेढ्या आहेत आणि १५ लाखांच्या वर माणसे त्यांच्यावर अवलंबून आहेत. बर्लिनमध्ये टाफेल, चर्च आणि इथले प्रादेशिक नभोवाणी-दूरचित्रवाणी केंद्र यांनी मिळून २००५ पासून ‘लाइब उंड झेले’ नावाचा उपक्रम चालवला आहे. त्याची चाळीसहून अधिक वाटपकेंद्रे आहेत आणि बहुतेक केंद्रे आठवड्यातून एकदाच उघडतात. माल कोणी विकत आणत नाही. सुपरमार्केटांत जे विकले जाणार नाही, म्हणजे कालचा पाव, एक बाजू मऊ पडलेली ढोबळी मिरची, मुदत जवळ आलेले दही, ते सकाळी गाडीने गोळा होते, आमच्या टेबलांवर निवडले जाते आणि दुपारी वाटले जाते.

निवडण्याचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही, आणि खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त तेच आवडते. संत्र्यांच्या जाळीत एक फळ नासलेले असले की दुकान पूर्ण जाळी बाद करते. आम्ही ती कापतो, नासलेले काढतो, बाकीची पुसून खोक्यात ठेवतो. स्ट्रॉबेरीच्या डब्यात मात्र बुरशी पसरलेली असेल तर मन घट्ट करून डबाच टाकावा लागतो. जर्मनीत अन्नावर दोन प्रकारच्या तारखा छापतात. एक तारीख ‘या दिवसापर्यंत पदार्थ उत्तम राहील’ असे सांगते. ती उलटली तरी झाकण उघडून, पाहून, वास घेऊन दही देता येते. दुसरी तारीख खिमा, कच्ची कोंबडी अशा पदार्थांवर असते आणि ती उलटली की पदार्थ कोणालाही द्यायचा नाही, मागणाऱ्याने कितीही गयावया केली तरी. आमच्या गटाच्या प्रमुख बाई निवृत्त ग्रंथपाल आहेत आणि त्या दह्याच्या डब्यांकडेही पुस्तकांच्या कपाटाकडे पाहावे तशा पाहतात. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या आमच्या गटात सीरियातून आलेला एक दंतवैद्य आहे, ज्याची पदवी इथे मान्य होण्याची प्रक्रिया अजून चालू आहे, एक पोलिश आजी आहेत आणि दोन जर्मन शाळकरी मुले आहेत. वाटपाच्या वेळी कोणीही छायाचित्र काढायचे नाही, हा बाईंचा पहिला नियम. एकदा एका नव्या विद्यार्थ्याने पावाच्या टेबलासमोर स्वतःचा फोटो काढला. बाईंनी आवाज न चढवता त्याच्या शेजारी उभे राहून तो पुसायला लावला आणि मग त्याला बटाटे मोजायला बसवले. आपल्याकडे धान्यवाटपाच्या पिशवीवर देणाऱ्याचा हसरा चेहरा छापण्याची जी रीत पडली आहे, ती मला त्या दिवशी फार आठवली.

दुपारी दार उघडते तेव्हा लवकर येऊन उभे राहणाऱ्याला आमच्या केंद्रात काही फायदा नसतो. प्रत्येकाने पिशवीत हात घालून क्रमांकाची चकती काढायची आणि त्या क्रमाने आत यायचे. त्याआधी एका टेबलावर कागद दाखवावे लागतात: सरकारी निर्वाहभत्त्याचा आदेश, तुटपुंज्या निवृत्तिवेतनाचे पत्र किंवा आश्रयाच्या अर्जाचा कागद. पत्त्याचा पिनकोड आमच्या भागातला हवा आणि एक-दोन युरो द्यायचे.

हे मी आईला फोनवर सांगितले तेव्हा ती गप्पच झाली. मग म्हणाली, “अगं, भाकरी द्यायला कागद कशाला मागतात?”

तिचा प्रश्न रास्त होता, कारण आमचा जिल्हा अक्कलकोटचा. स्वामींच्या अन्नछत्रात रोज हजारो माणसे जेवतात आणि पंगतीला बसणाऱ्याला कोणी जात, गाव किंवा उत्पन्न विचारत नाही. पंगतीत शेजारी मोटारीतून आलेला व्यापारी असतो आणि पायी आलेला मजूर असतो; प्रसाद दोघांना सारखाच. त्या हिशेबाने बर्लिनची पद्धत कोरडी, कचेरीसारखी वाटते. मलाही सुरुवातीला तशीच वाटली. पण अन्नछत्र भक्तांच्या देणगीवर चालते आणि रोज जितके लागेल तितके शिजवते, उलट टाफेलकडे त्या दिवशी दुकानांतून जे उरले तेवढेच असते आणि रांग मात्र दर आठवड्याला वाढत असते. तुटपुंज्या मालाची वाटणी करायची म्हटले की कोणाला द्यायचे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचा अधिकार टेबलामागच्या माणसाच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा कागदावर आणि चकतीवर सोडलेला बरा. ज्या बाईला एकेकाळी कोणाच्या तरी ओळखीशिवाय रेशनचा गहू मिळाला नसेल, तिला हा कोरडेपणा किती सन्मानाचा असू शकतो ते आईला नंतर पटले. अर्धे पटले, असे म्हणू.

ओळख-पाळख, आपले-परके हा प्रश्न इथेही आहेच. २०१८ च्या सुरुवातीपासून एसेन शहरातल्या टाफेलने नव्या नावनोंदणीसाठी फक्त जर्मन ओळखपत्रधारकांनाच घ्यायचे ठरवले. परदेशी लाभार्थ्यांचे प्रमाण पाऊणाच्या आसपास गेले आहे आणि त्यामुळे वृद्ध स्त्रिया व एकट्या माता यायच्या थांबल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. देशभर गदारोळ झाला. चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनीही अशी वर्गवारी करणे बरे नाही, असे सांगतानाच स्वयंसेवकांवर किती ताण आहे हेही यावरून दिसते, असे म्हटले. एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. आमच्या गटात हा विषय २०२२ नंतर, युक्रेनमधून आलेल्या कुटुंबांनी रांग एकदम लांबली तेव्हा पुन्हा निघाला होता, असे जुने सहकारी सांगतात. तेव्हा ग्रंथपाल बाईंनी सर्वांसाठी पिशवी लहान केली. नवे नाव घेणे थांबवले नाही.

मी ज्या टेबलामागे उभी असते तिथे या प्रश्नाला एक गमतीदार वळण मिळते. समोर सत्तरीच्या जर्मन आजी असतात, ज्यांना निवृत्तिवेतन पुरत नाही, आणि त्यांना पाव देणारी मी असते, जिचा इथला मुक्काम दर वेळी परवाना वाढवून मिळण्यावर अवलंबून आहे. एक आजी दर खेपेस मला विचारायच्या की मी नक्की कुठली, आणि उत्तर ऐकून म्हणायच्या, तुमच्याकडेच तर गरिबी आहे ना? हा प्रश्न खवचटपणे विचारला आहे की कुतूहलाने, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. पुढे एकदा त्यांनी नवलकोल परत केला, शिजवायला कंटाळा येतो म्हणून. मी त्यांना तो किसून, दाण्याचे कूट आणि लिंबू घालून कोशिंबीर करायला सांगितली. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन मागितले. दाण्याचे कूट कुठे मिळते, हा आमच्यातला पुढचा विषय होता. देणारा देश आणि घेणारा देश अशी जी ढोबळ विभागणी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, तिचे काय करायचे, हे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या आजींमुळे अधिक नीट विचारता आले.

आता एक अवघड गोष्ट. भारतीय विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर मध्यंतरी कोणीतरी विचारले, ‘फ्रीमध्ये ग्रोसरी कुठे मिळते, लोकेशन टाका.’ कॅनडात २०२४ च्या सुमारास अशाच प्रकारावरून वाद पेटला होता. अन्नपेढीतून सामान आणून पैसे कसे वाचवावेत हे सांगणाऱ्या चित्रफिती पसरल्या आणि तिथल्या काही अन्नपेढ्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना मदत देणेच बंद केले. आपल्या लोकांची लाज वाटली, अशी प्रतिक्रिया देणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी दिली. मी हिशेब मांडून पाहिला. मी २०२३ मध्ये आले तेव्हा व्हिसासाठी बंदिस्त खात्यात वर्षाचे ११,२०८ युरो, म्हणजे तेव्हाचे सुमारे दहा लाख रुपये, दाखवावे लागत होते. त्यातून महिन्याला ९३४ युरो हाती येतात. (सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ झाली आहे.) निर्वाहभत्त्यावर जगणाऱ्या एकट्या माणसाला २०२४ मध्ये महिन्याला ५६३ युरो मिळत होते, घरभाडे वेगळे. विद्यार्थ्याच्या ९३४ मध्ये मात्र भाडे, आरोग्यविमा आणि जेवण सगळेच आले. बर्लिनमध्ये खोलीलाच सहाशे युरो गेले की पुढचे गणित ज्याचे त्याने करावे. ज्याच्या घरच्यांनी शेत तारण ठेवून ते दहा लाख उभे केले आहेत त्याची अडचण खोटी नसते, आणि ज्याला फक्त पुढच्या सहलीचे तिकीट काढायचे आहे त्याची मात्र ती खरी नसते. आमच्या टेबलावर कागद तपासले जातात ते याचसाठी. गटावर मी पत्ता टाकला नाही. स्वयंसेवक हवे आहेत, एवढे मात्र लिहिले, आणि ज्याला खरोखर अडचण आहे त्याने विद्यापीठाच्या विद्यार्थी-कल्याण कचेरीत सल्ला घ्यावा असेही लिहिले. तिघांनी विचारणा केली. त्यांतली एक मुलगी टिकली.

शिक्षणाच्या बाजूविषयी इतका वेळ काहीच लिहिले नाही, कारण त्या बाजूविषयी सगळेच लिहितात. पण डालेममध्ये, म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या परिसरात, माझ्या रोजच्या रस्त्यावर, ईनेश्ट्रासे २२ ही इमारत आहे, आणि तिच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९२७ मध्ये तिथे कैसर विल्हेल्म सोसायटी या जर्मन संशोधन-मंडळाची मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि वंशसुधारणा यांची संस्था सुरू झाली आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक झाले. नाझी राजवटीत वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना शास्त्राचा मुलामा देण्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. त्याआधी, १९२८ मध्ये, पुण्याहून इरावती कर्वे तिथे पीएच.डी.साठी आल्या. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते, या असमतेचा वंशाशी संबंध आहे का, हा त्यांना दिलेला विषय होता. युरोपीय वंशाची बुद्धी वरचढ असल्याचा पुरावा त्यात सापडेल, अशी मार्गदर्शकांची धारणा होती. इरावतीबाईंनी त्याच संस्थेत, तिथल्याच मोजमापांच्या पद्धतीने कवट्या मोजल्या आणि वंशाशी असा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. त्यांना १९३० मध्ये पदवी मिळाली, पण गुण फारसे दिले गेले नाहीत.

आज ती इमारत आमच्या विद्यापीठाकडे आहे, तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात, आणि संस्थेचा इतिहास सांगणारे प्रदर्शनही आता तिथे आहे. दुसऱ्याच्या देशात जाऊन, त्याची भाषा आणि त्याचे शास्त्र मनापासून शिकून, मग त्याच शास्त्राच्या आधारे त्याला ‘तुमचे म्हणणे आकड्यांत बसत नाही’ असे सांगणे, याला मी जागतिक शिक्षण म्हणेन. आपल्या उद्देशपत्रांत यजमान देशाच्या कौतुकाचे जे पूर वाहतात, त्यांत ही शक्यता कुठेच दिसत नाही. अर्थात कृतज्ञता आणि असहमती एकत्र नांदू शकतात, हे सांगायला सल्लागारांना कोणी पैसे देत नाही.

स्वयंसेवेच्या बाजूने आम्हा सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव लहानपणापासून ऐकून माहीत असते. त्यांच्या घराचे स्मारक पाहायला शाळेच्या सहली जातात. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला जे पाच डॉक्टरांचे पथक पाठवले त्यात ते होते. शाळेत आम्हाला त्यांचा त्याग शिकवला गेला. मोठेपणी वाचताना मला त्यांच्या चिनी शिकण्याचे अधिक अप्रूप वाटले: ते ती भाषा इतकी शिकले की तीतून वैद्यकाचे वर्ग घेऊ लागले, कॅनेडियन डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. इतके कोणाकडून मागता येत नाही आणि मागूही नये. पण दोन आठवड्यांच्या ‘सेवा-सहली’ विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात जेव्हा अनाथाश्रमातल्या मुलांना मिठी मारणारे पाहुणे दिसतात, तेव्हा भाषा येत नाही, कौशल्य नाही आणि पंधरा दिवसांनी निघून जायचे आहे अशा माणसाचा त्या मुलांना नेमका काय उपयोग, हा प्रश्न कोटणीसांच्या गावच्या मुलीला पडणारच.

छोट्या मुदतीचे सगळेच वाईट असते असे नव्हे. पियेर सेरेसोल या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, व्हर्दनजवळच्या एन या उद्ध्वस्त फ्रेंच गावात वेगवेगळ्या देशांच्या स्वयंसेवकांचे श्रमशिबिर भरवले. त्यांत जर्मनही होते आणि गावकऱ्यांना ते सहन झाले नाही; काही महिन्यांत काम आवरते घ्यावे लागले. तरी त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही चळवळ उभी राहिली, आणि १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः साथीदारांसह तिथे घरे बांधायला आले. त्यांच्या शिबिरांत आणि बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत मला तरी फार अंतर दिसत नाही. सोमनाथला मी कुदळ धरायला शिकले होते. बर्लिनमध्ये खोकी उचलताना त्या सवयीचा उपयोग होतो.

ज्यांना खरोखर यायचे आहे त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. जर्मन सरकारच्या ‘वेल्टवेर्ट्स’ कार्यक्रमातून २००८ पासून १८ ते २८ वयाचे जर्मन तरुण भारतासह अनेक देशांत येतात, हे आपल्याकडच्या संस्थांना ठाऊक आहे. २०१३ पासून याच कार्यक्रमातून आपल्याकडचे तरुणही वर्षभरासाठी जर्मनीत येऊ शकतात, हे फार कमी जणांना माहीत असते. त्यात खिशाला पैसे, राहणे-जेवणे आणि विमा मिळतो, आणि अर्ज भारतातल्या सहभागी संस्थेमार्फत करावा लागतो. शिकत असताना काम करायचे असेल तर पहिले सेमिस्टर सोडून द्या, कारण तेव्हा नोंदणीच्या कचेऱ्यांतच जीव जातो. जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे बोलणे जमेल इतकी, आली की आपल्या पिनकोडजवळच्या वाटपकेंद्रात, वाचनालयात किंवा निर्वासितांच्या भाषावर्गात स्वतः जाऊन विचारा. ईमेलची वाट पाहू नका. लहान मुलांसोबत काम असेल तर चारित्र्याचा सरकारी दाखला मागतात, आणि स्वयंसेवकाला तो सहसा विनाशुल्क मिळतो. परीक्षेच्या आठवड्यांत येता येणार नसेल तर महिनाभर आधी सांगून ठेवा, म्हणजे टेबलावर दुसरा माणूस लावता येतो. आणि जो एजंट सामाजिक कामाच्या अनुभवासाठी तुमच्याकडून पैसे मागेल, त्याला आधी संस्थेचा पत्ता विचारा आणि मग तिथे फोन करून वाटपाचा वार कोणता ते विचारा.